घरातला राडारोडा : मोजणी, डेब्रिज कंटेनर आणि पुनर्प्रक्रिया

इमारत बांधताना, दुरुस्त करताना किंवा पाडताना जे साहित्य टाकाऊ ठरते, त्याला नियमांच्या भाषेत ‘बांधकाम व पाडकाम कचरा’ म्हणतात. मराठीत त्यासाठी राडारोडा हा नेमका शब्द आहे. मुंबईत त्यालाच डेब्रिज म्हणतात आणि उत्तर भारतात मलबा. विटा, गिलावा, फरश्या, काँक्रीटचे तुकडे, माती, सळया, लाकूड, प्लॅस्टिकचे पाइप, काचा हे सारे त्यात येते. ओला कचरा आणि सुका कचरा या रोजच्या विभागणीत तो बसत नाही. म्हणूनच घंटागाडीवाला तो घेत नाही आणि घरमालकापुढे प्रश्न उभा राहतो की हे आता टाकायचे कुठे?

या प्रश्नाचे प्रचलित उत्तर सर्वांना माहीत आहे. रात्री एक टेम्पो येतो, गोणी भरून घेतो आणि जातो. तो कुठे जातो हे कोणी विचारत नाही. मुंबईत तो खाडीकाठच्या कांदळवनात रिकामा होतो, पुण्यात नदीपात्रात किंवा ओढ्यात, दिल्लीत यमुनेच्या पूरमैदानात, बंगळूरमध्ये तलावाच्या काठावर. राडारोडा सडत नाही, वास मारत नाही, त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. पण ओढ्याची रुंदी एकदा त्याने खाल्ली की पुढच्या मोठ्या पावसात पाणी वस्तीतच शिरते. यमुनेच्या बाबतीत राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५ मध्ये पूरमैदानात राडारोडा टाकणाऱ्यास ५०,००० रुपयांचा दंड ठरवला, तो याच कारणाने.

किती निघतो?

राडारोड्याच्या व्यवस्थापनाची सुरुवात मोजणीपासून होते, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. केंद्र सरकारच्या टायफॅक या संस्थेने दिलेले ठोकताळे आजही वापरले जातात. नव्या बांधकामात दर चौरस मीटरला ४० ते ६० किलो, दुरुस्ती-नूतनीकरणात ४० ते ५० किलो, आणि इमारत पाडताना ३०० ते ५०० किलो राडारोडा निघतो.

आता एक उदाहरण करून पाहू. सुमारे ६० चौरस मीटरची सदनिका आहे आणि तिच्यातले फक्त एक न्हाणीघर नव्याने करायचे आहे. मोजमाप २.४ मीटर बाय १.५ मीटर. भिंतीवर २.१ मीटर उंचीपर्यंत टाइल्स आहेत. दार सोडून भिंतीची लांबी सुमारे ७ मीटर, म्हणजे टाइल्सचे क्षेत्रफळ जवळजवळ १४.८ चौरस मीटर. टाइल आणि तिच्यामागचा मसाला मिळून जाडी ३ सेंटिमीटर धरली, तर हे ०.४४ घनमीटर झाले. जुन्या पद्धतीच्या न्हाणीघरात फरशीखाली स्लॅब खोलगट असतो आणि त्यात विटांचे तुकडे व मसाला भरून कोबा केलेला असतो. फरशीसह ही भर ३० सेंटिमीटर धरली, तर ३.६ चौरस मीटरला १.०८ घनमीटर होते. एकूण झाले सुमारे १.५ घनमीटर. घनमीटरला १.९ टन या हिशेबाने वजन २.९ टन!

एका लहानशा न्हाणीघरातून तीन टन माल निघेल हे सांगूनही कोणाला पटत नाही. पण ताळा करून पाहा. २.९ टन भागिले ६० चौरस मीटर म्हणजे ४८ किलो. टायफॅकच्या दुरुस्तीच्या आकड्यात हे बरोबर बसते. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधली साडेचार इंची विटेची भिंत (३ मीटर बाय २.७ मीटर) पाडायची असेल, तर गिलाव्यासह आणखी दोन टन मिळवा.

फोडलेला माल फुगतो, हेही लक्षात ठेवायला हवे. तुकड्यांच्या मध्ये पोकळ्या राहतात, त्यामुळे दीड घनमीटर भरीव कोबा फोडल्यावर सुमारे सव्वादोन घनमीटर जागा व्यापतो. बाजारात हिशेब ब्रासमध्ये होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. म्हणजे आपल्या न्हाणीघराचा माल पाऊण ब्रासच्या आसपास आला. सुट्या राडारोड्याचे वजन घनमीटरला सुमारे १.३ टन धरले, तर एक ब्रास साधारण ३.७ टनांचा होतो. सिमेंटच्या रिकाम्या गोणीत एका माणसाला उचलता येईल इतका, ३०–३५ किलो माल भरला, तर आपल्याला ९० च्या आसपास गोण्या लागतील.

या ९० गोण्या खाली जाईपर्यंत ठेवायच्या कुठे? हा प्रश्न कचऱ्याचा नसून सुरक्षेचा आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २०० किलो वापरभारासाठी संकल्पित करतात. बाल्कनीसाठी हा आकडा ३०० किलो आहे. सगळ्या गोण्या चार चौरस मीटरच्या बाल्कनीत रचल्या, तर तिथे चौरस मीटरला ७०० किलोंहून अधिक भार येतो. जुन्या, गळक्या, सळया गंजलेल्या इमारतीत असा ढीग लावणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. गोण्या एकाच थरात, भिंतीलगत, वेगवेगळ्या खोल्यांत पसराव्यात आणि त्याच दिवशी खाली न्याव्यात. लिफ्टने नेताना सहा माणसांच्या लिफ्टची क्षमता ४०८ किलो असते. मजुरासह दहा गोण्या पुरे.

कंटेनर भाड्याने घेताना

मोठे काम असेल, किंवा सोसायटीतल्या दोन-तीन घरांत एकदम काम निघाले असेल, तर गोणी-टेम्पोपेक्षा डेब्रिजचा कंटेनर मागवणे सोयीचे. हा वरून उघडा लोखंडी डबा असतो. डंपर प्लेसर नावाची गाडी दोन यांत्रिक हातांनी तो उचलते आणि नेते. काही शहरांत ठेकेदार हुकाने ओढून चढवायचे लांबट डबेही देतात. परदेशात, विशेषतः अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये, घरासमोर असा डबा भाड्याने ठेवणे ही नित्याची गोष्ट आहे. आपल्याकडे ही सेवा मोठ्या शहरांपुरती आहे. लहान गावात ट्रॅक्टरची ट्रॉली तेच काम करते, आणि पुढच्या बहुतेक सूचना तिलाही लागू पडतात.

डंपर प्लेसरचे डबे साधारण ३ ते ४.५ घनमीटरचे असतात. ते मुळात घरगुती कचऱ्यासाठी घडवलेले असतात, आणि घरगुती कचरा राडारोड्यापेक्षा कितीतरी हलका. साडेचार घनमीटरचा डबा राडारोड्याने काठोकाठ भरला, तर आत सुमारे सहा टन वजन होते. गाडी तो उचलू शकत नाही, किंवा उचलते आणि वळणावर कलंडते. तेव्हा डबा ठरवताना घनमीटरबरोबर ‘किती टनांपर्यंत उचलणार?’ हेही विचारावे. अनेकदा उत्तर असे येते की डबा अर्धाच भरा. म्हणजे भाडे ठरवताना तो अर्धाच धरायला हवा. टेम्पोचेही तसेच. छोटा चारचाकी टेम्पो पाऊण टनाचा असतो. आपल्या न्हाणीघराच्या मालासाठी त्याच्या चार फेऱ्या होतात. ‘दोन फेऱ्यांत उरकतो’ म्हणणारा दुप्पट भार लादणार आहे.

डबा ठेवायची जागा नीट निवडावी लागते. सोसायटीच्या आवारात मोकळी दिसणारी जागा पुष्कळदा जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीवर किंवा सेप्टिक टँकवर असते. पार्किंगच्या वरच्या पोडियमचेही तेच. तिथे सहा टनांचा डबा आणि तो उचलणारी गाडी यांचा भार पेलेल याची खात्री इंजिनियरकडून करून घ्यावी, नाहीतर जागाच बदलावी. पेव्हर ब्लॉकवर ठेवायचा असेल तर खाली लाकडी फळ्या घालाव्यात. अग्निशमन दलाच्या गाडीची वाट, पावसाळी गटाराचे तोंड आणि रस्त्याची कड मोकळी राहिली पाहिजे. सार्वजनिक रस्त्यावर ठेवायचा तर पालिकेच्या वॉर्ड कार्यालयाची परवानगी लागते. आणि रात्री डब्यावर ताडपत्री बांधावी. हे धुळीसाठी तर आहेच, पण मुख्य कारण शेजारी! उघडा डबा दिसला की जुनी गादी, कुंड्या, नारळाच्या करवंट्या, सणानंतरचे थर्माकोल सारे त्यात येऊन पडते, आणि स्वच्छ राडारोडा मिश्र कचरा होऊन बसतो.

ठेकेदाराशी बोलताना दर हा शेवटचा प्रश्न असावा. पहिला प्रश्न ‘माल कुठे उतरवणार?’ हा असावा. पालिकेने ठरवलेले संकलन केंद्र किंवा प्रक्रिया प्रकल्प असे स्पष्ट उत्तर मिळाले, तर तिथली वजनकाट्याची पावती आपल्याला द्यावी अशी अट आधीच घालावी, आणि शेवटचा हप्ता त्या पावतीवर द्यावा. दर का बदलतात याचे कारण साधे आहे. दरात डिझेल, हमाली आणि प्रकल्पातले उतरवणी शुल्क असते. इतरांपेक्षा फारच स्वस्त सांगणाऱ्याने यातले काहीतरी वगळलेले असते, आणि हमाली वगळता येत नाही. मग उरते ते अंतर आणि शुल्क. म्हणजे माल जवळच्या नाल्यात.

काही पालिकांची स्वतःची सेवा आहे. मुंबई महानगरपालिकेची ‘डेब्रिज ऑन कॉल’ ही त्यांतली एक. फोन करून कळवले की पालिकेची गाडी ठरावीक दराने माल उचलते. दिल्लीतही पालिकेने विभागवार संकलनाच्या जागा नेमल्या आहेत. आपल्या गावात काय आहे ते वॉर्ड कार्यालयात कामाआधी विचारावे. काम सुरू झाल्यावर विचारायला गेलेला माणूस घाईत असतो आणि घाईत असलेल्याला टेम्पोवालाच भेटतो.

वेगळे काढणे

पाडकामाचा क्रम बरोबर असेल तर निम्मे वर्गीकरण आपोआप होते. आधी नळ, बेसिन, पंखे, वायर, दारे, खिडक्या, ग्रिल काढावेत. मग पीओपीचे छत. मग टाइल्स आणि फरशी. भिंत शेवटी. उलट क्रमाने, म्हणजे थेट घण चालवून सुरुवात केली, की सगळे एकाच ढिगात मिसळते आणि नंतर ते निवडायला कोणाकडेही वेळ नसतो.

यातले जे विकले जाते त्याची चिंता करायला नको. सळई, तांबे, ॲल्युमिनियम, सागवानी चौकट हे सगळे भंगारवाला घेतोच. आपल्याकडे पूर्ण इमारत पाडताना तर ठेकेदारच अनेकदा मालकाला पैसे देतो, कारण त्याला सळया आणि लाकूड हवे असते. भारतातली ही अनौपचारिक साखळी कोणत्याही नियमाच्या आधीपासून चालू आहे आणि ती उत्तम चालते. पण तिचा दुसरा अर्थ असा की, राडारोडा म्हणून मागे उरते ते बाजारात किंमत नसलेलेच. विटांचेच पाहा. जुन्या वाड्यांच्या विटा चुन्यात बांधलेल्या असत. चुना मऊ असल्याने वीट अखंड सुटते, घासून पुन्हा वापरता येते. सिमेंटचा मसाला मात्र विटेहून चिवट, त्यामुळे सांधा सुटण्याआधी वीटच फुटते. गेल्या काही दशकांतल्या घरांतून अखंड वीट क्वचितच मिळते.

दोन पदार्थ मात्र कटाक्षाने बाजूला ठेवावेत. पहिला पीओपी, जिप्सम बोर्ड आणि जिप्समचा गिलावा. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते काँक्रीटच्या चुऱ्यात मिसळून पुन्हा सिमेंटमध्ये गेले, तर सल्फेट आणि सिमेंटमधील ॲल्युमिनेट यांची अभिक्रिया होऊन एट्रिंगाइट नावाचे स्फटिक तयार होतात. घट्ट झालेल्या काँक्रीटच्या आत ते फुगतात आणि काँक्रीट आतून तडकते. एका छताचे पीओपी अख्ख्या डब्याचा माल बिघडवू शकते.

दुसरा पदार्थ जुने सिमेंटचे पत्रे. भारतात ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांवर सरसकट बंदी नाही, आणि जुन्या शेड, गच्चीवरच्या खोल्या, न्हाणीघरांची छपरे यांवर ते आजही आहेत. पत्रा अखंड असताना धोका कमी. तोडला, कापला की बारीक तंतू हवेत जातात आणि फुफ्फुसात कायमचे रुततात. तो पाण्याने भिजवून, बोल्ट काढून अखंड उतरवावा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळावा आणि राडारोड्यात मुळीच टाकू नये. तो घातक कचरा आहे. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्यता दिलेल्या सुविधेकडेच तो जायला हवा.

टाइल्स फोडताना उडणाऱ्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षे श्वासातून जाऊन सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. काम आपल्या घरात चार दिवस चालते, मजुराच्या आयुष्यात मात्र रोज. पाणी मारत फोडणे आणि घट्ट बसणारा मास्क पुरवणे यांचा खर्च एका टाइलच्या खोक्याहून कमी असतो.

प्रकल्पात काय होते

भारतातला पहिला मोठा राडारोडा प्रकल्प दिल्लीत बुराडी येथे २००९ मध्ये सुरू झाला. सुरुवातीची क्षमता दिवसाला ५०० टन होती, ती पुढे २,००० टनांपर्यंत वाढवली गेली. त्यानंतर अहमदाबाद, नोएडा, मुंबई अशा शहरांत प्रकल्प उभे राहिले. नोएडातले दोन बेकायदा मनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी स्फोटकांनी पाडले गेले तेव्हा सुमारे ८०,००० टन राडारोडा निघेल असा अंदाज होता. कोसळणे काही सेकंदांचे होते, मात्र ढीग उचलायला तीन महिन्यांचे नियोजन करावे लागले. त्यातला काही माल तळघरे भरण्यात गेला आणि काही शहरातल्या सेक्टर ८० मधील प्रकल्पात.

प्रकल्पात गाडी आधी वजनकाट्यावर येते. माल पसरून लाकूड, कापड, प्लॅस्टिक हाताने वेचतात. मोठे काँक्रीटचे तुकडे यांत्रिक हातोड्याने फोडतात. जाळीवरून सुटी माती वेगळी होते. मग जबड्यासारख्या क्रशरमध्ये माल फुटतो, पट्ट्यावरचे चुंबक सळयांचे तुकडे ओढून घेते, हवेच्या झोताने हलका कचरा उडवला जातो. ओल्या पद्धतीत यापुढे माल पाण्याने धुतात. माती गाळ होऊन बाहेर पडते आणि पाणी निवळून पुन्हा वापरतात. शेवटी चाळण्यांवरून वेगवेगळ्या मापांची खडी आणि वाळू निघते. त्याच आवारात बहुधा पेव्हर ब्लॉक, दुभाजकाचे दगड आणि भिंतीचे ब्लॉक पाडले जातात.

ही खडी नैसर्गिक खडीसारखीच का नसते? काळ्या दगडाच्या खडीला पाणी फारसे लागत नाही. काँक्रीट फोडून केलेल्या खडीच्या प्रत्येक तुकड्याला जुना मसाला चिकटलेला असतो, तो सच्छिद्र असतो आणि पाणी पितो. नव्या काँक्रीटमध्ये ती कोरडी टाकली, तर सिमेंटसाठी मोजून घातलेले पाणी ती शोषते आणि मिश्रण घट्ट होते. मग गवंडी वरून पाणी ओततो आणि ताकद घटते. उपाय म्हणजे खडी आधीच भिजवून घेणे.

म्हणूनच मानकाने मर्यादा घातल्या आहेत. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने पुनर्चक्रित खडीला प्रथमच अधिकृत जागा दिली. निव्वळ काँक्रीट फोडून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, सळयांच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत (तेही एम २५ प्रतीपर्यंतच) आणि एम १५ हून कमी प्रतीच्या दुबळ्या काँक्रीटमध्ये १०० टक्के चालते. विटा-फरश्या मिसळलेल्या राडारोड्याची जाड खडी मात्र फक्त दुबळ्या काँक्रीटमध्ये. घरमालकाने घण मारायच्या आधी काँक्रीट आणि वीट वेगळी ठेवली की नाही, यावर पुढे तो माल तुळईत जाणार की पायवाटेखालच्या भरावात, हे ठरते.

नियम आणि त्यांची चाल

२००० सालच्या घनकचरा नियमांत राडारोड्याचा उल्लेख ओझरता होता. स्वतंत्र नियम २९ मार्च २०१६ रोजी आले. दिवसाला २० टनांहून किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने तो काँक्रीट, माती, पोलाद-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-मसाला अशा चार प्रवाहांत वेगळा करावा, स्थानिक संस्थेकडे आराखडा द्यावा आणि शुल्क भरावे, असे त्यात आहे. लहान निर्मात्यालाही सूट नाही. राडारोडा स्वतःच्या आवारात ठेवणे आणि नेमलेल्या केंद्रावर पोहोचवणे ही त्याचीच जबाबदारी. दुसरे नियम एप्रिल २०२५ मध्ये अधिसूचित झाले, अंमल १ एप्रिल २०२६ पासून. त्यांनी २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर विस्तारित उत्पादक जबाबदारी टाकली आहे, म्हणजे पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट आता बांधकाम करणाऱ्याच्या नावावर लागते.

नियम कधी कधी न्यायालयामार्फत चालतात. मुंबईत कचराभूमीच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये नव्या बांधकाम परवानग्या रोखल्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये त्या सैल केल्या, पण राडारोडा कुठे टाकणार हे दाखवण्याच्या अटीवर.

तरी प्रकल्पांपुढची खरी अडचण माल येण्याची जितकी, तितकीच माल खपण्याची आहे. २०१६ च्या नियमांत सरकारी व पालिका कंत्राटांमध्ये राडारोड्यापासून केलेल्या वस्तूंची काही टक्के खरेदी सक्तीची करावी असे म्हटले आहे, आणि प्रमाण ‘समजा १० ते २० टक्के’ अशा धर्तीवर लिहिले आहे. नियमात ‘समजा’ आल्यावर कंत्राटात काय उतरते, ते सांगायला नको. गुणवत्तेबद्दलची शंका हे दुसरे कारण, पण ती तपासता येते. पेव्हर ब्लॉकसाठी आयएस १५६५८ हे मानक आहे आणि कच्चा माल कोणता वापरला यावरून त्यातली ताकदीची अट बदलत नाही. फक्त पायी चालण्याच्या जागेसाठी एम ३० प्रतीचा, किमान ५० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक लागतो; मोटारी उभ्या राहणाऱ्या सोसायटीच्या आवारासाठी एम ३५ आणि ६० मिलिमीटर. पुरवठादाराकडून त्या मालाच्या खेपेचा चाचणी अहवाल मागावा, त्यावरची तारीख पाहावी, आणि ब्लॉक उतरवून घेताना जाडी स्वतः पट्टीने मोजावी.